समुद्रमामाची सही

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्गात खडू फेकून मारणारी आमच्या कॉलेजातली शेवटची बाई मीच. निवृत्त झाले त्या दिवशी पोरांनी मला खडूंची पेटी भेट दिली आणि वर चिठ्ठी चिकटवली, 'नेम अजून चांगला आहे.' हसले मी. पण ज्यांच्याबद्दल लिहायला बसले आहे, त्या मामांवर मी कधी खडू फेकला नाही. त्यांच्यावर दुसरंच काहीतरी फेकलं, आणि ते आठवलं की अजून जेवण गोड लागत नाही.

मामा आमच्या कॉलेजचा हॉल सांभाळायचे. कागदावर पद शिपायाचं, पण घंटा वाजवायला दुसरा होता. मामांकडे खुर्च्या, पंखे, पडदे आणि माइक. तीनशे वीस खुर्च्या, आणि रांग सरळ यावी म्हणून हा माणूस या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी ताणायचा. मी म्हणायचे, "मामा, लोक बसायला येतात हो, रांगा तपासायला नाही." तर म्हणायचे, "बाई, वाकड्या रांगेत माणूस वाकडा बसतो. वाकडा बसला की लवकर उठतो. मग तुम्हीच ओरडता."

माइक तपासताना ते 'हॅलो, हॅलो' करत नसत. बातम्या द्यायचे. अगदी गंभीर आवाजात. "आज नळाला पाणी वेळेवर आलं. आमच्या मंडळींचे गुडघे कालच्यापेक्षा बरे आहेत. उपप्राचार्यांची छत्री अजून सापडलेली नाही." पुढच्या रांगेतली पोरं टाळ्या पिटायची. कधीकधी कार्यक्रमापेक्षा बातम्याच बऱ्या असायच्या.

रंगमंचाच्या मागे एक खोली होती, पूर्वी नाटकाचे कपडे ठेवायची. बावीस वर्षांपूर्वीच्या प्राचार्यांनी मामांना सांगितलं होतं, "रहा इथेच, हॉलला राखण होईल." बस, तेवढंच. कागद नाही, शिक्का नाही. त्या खोलीत मामा-मामींनी संसार केला, मुलगी वाढवली, तिचं लग्न लावलं. पुढे मामींचे गुडघे गेले. पण खोली जमिनीलगत, दाराला उंबरठासुद्धा नाही, त्यामुळे भिंतीला धरून धरून त्या मागच्या नळापर्यंत, तिथून लिंबाच्या कुंडीपर्यंत स्वतःच्या पायांनी जायच्या. "जिना नाही ना बाई, म्हणून मी अजून माणसांत आहे," असं मला कितीदा तरी म्हणाल्या होत्या. कितीदा तरी. हे मुद्दाम लिहिते, मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये म्हणून.

मी भूगोल शिकवायचे. अकरा वर्षं मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून हवामान बदलावरची एक लुटुपुटूची जागतिक परिषद करून घेतली. एकेका मुलाने एकेक देश व्हायचं. श्रीमंत देशांना रंगमंचासमोर लांब टेबल, पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं. गरीब देश आणि समुद्रातली बेटं खाली सतरंजीवर, त्यांना पाणीसुद्धा मागून घ्यायचं. धूर कोण किती कमी करणार यावर दिवसभर भांडायचं, आकडे कॉम्प्युटरमध्ये घालायचे, की पडद्यावर दिसायचं, पृथ्वी किती अंशांनी तापणार. शेवटी मसुद्यावर सगळ्या देशांच्या सह्या. एकाने जरी नाही म्हटलं तरी मसुदा परत. हा नियम मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे.

आणि आकडा दीड अंशाच्या वर राहिला, की समुद्र यायचा. म्हणजे एक भलंमोठं निळं कापड. रंगमंचाचे जुने पडदे बदलले तेव्हा मामींनी ते जोडून मशीनवर शिवलं होतं. ते फेकायला दोन माणसं लागतात. एक टोक मामांच्या हातात, दुसरं माझ्या. रंगमंचावरून "हं, बाई!" म्हणून मामा इशारा करायचे, आणि कापड हवेत फुगून सतरंजीवरच्या सगळ्या बेटांवर पडायचं. खाली किंकाळ्या, हशा, फोटो. अकरा वर्षांत आकडा एकदाही दीडच्या खाली आला नाही, त्यामुळे समुद्र दरवर्षी आलाच. पोरांनी नावच पाडलं होतं, समुद्रमामा. मामी दर वर्षी पडद्याच्या आडोशाला खुर्ची घेऊन बसायच्या, आपलं कापड कसं पडतं ते बघायला.

आता माझं पाप सांगते.

कॉलेजची एक इमारत समिती होती. शिक्षकांच्या वतीने त्यात मी. जानेवारीत बैठक झाली. विषय असा की जुना हॉल पाडायचा आणि त्या जागी चार मजली इमारत बांधायची. नकाशा पसरला होता, छान रंगीत होता. एका सभासदाने विचारलं, "मागे कुणीतरी राहतं ना?" सचिव म्हणाले, "कागदोपत्री कुणी राहत नाही." मी ऐकलं. चहा नुकताच आला होता, मामांनीच आणला होता, कप ठेवून ते बाहेर गेले होते. माझ्या कपात साखर कमी टाकली होती, कारण मला कमी लागते हे त्यांना ठाऊक होतं. मी चहा प्यायले. ठराव फिरत फिरत माझ्याकडे आला आणि मी सही केली. का केली? अहो, सगळे करत होते म्हणून. चार वाजता मला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं म्हणून. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

निघताना प्राचार्य म्हणाले, "बाई, त्यांचं आणि तुमचं जमतं. तुम्हीच सांगा त्यांना. परीक्षा संपेपर्यंत मुदत आहे म्हणावं."

मी म्हटलं, सांगते. आणि मग तीन आठवडे आज सांगू, उद्या सांगू. एकदा मामींना सर्दी होती म्हणून नाही सांगितलं. एकदा मामा खूप खुशीत होते म्हणून नाही. एकदा तर नुसतं ते दिसले आणि मी दुसऱ्या जिन्याने निघून गेले. मी, खडू फेकून मारणारी! एरवी जिभेला हाड नाही म्हणून प्रसिद्ध, आणि इथे मूग गिळून बसले.

तशात परिषदेचा दिवस आला. त्या वर्षी कॉलेजची तपासणी करायला बाहेरून तीन पाहुणे आले होते, त्यांना दाखवायला प्राचार्यांनी माझी परिषदच निवडली होती. एक वाजता पाहुण्यांचं जेवण, म्हणजे त्याच्या आत सगळं उरकायचं. आणि सकाळी नऊ वाजता निरोप आला, सगळ्यात लहान बेटाच्या मुलीला गालगुंड झालंय. बाकी सगळी पोरं आपापल्या देशात अडकलेली. मी इकडे तिकडे बघितलं. मामा सुतळी गुंडाळत होते.

"मामा, आज तुम्ही बसा सतरंजीवर. काही करायचं नाही. बेटाच्या नावाची पाटी धरायची आणि शेवटी सही करायची, बास."

"मी?" मामा हसले. "मग समुद्र कोण आणणार?"

"कापडाचं टोक एखाद्या पोराकडे देते."

"बरं. पण त्या पोरीचे कागद द्या. वाचल्याशिवाय बसणं बरं नाही."

दोन पानांचं टिपण होतं. मामांनी चष्मा लावला आणि विजेच्या बटणांपाशी उभ्या उभ्या ते वाचून काढलं. मग परत पहिल्या पानावर गेले. मला तेव्हा कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

परिषद झकास चालली. टेबलावरचे देश बापाचे कोट घालून आलेले, बोटं नाचवून बोलत होते. पहिल्या फेरीत आकडा अडीचच्या वर. भांडणं झाली, एका मुलीने रागाने बिस्किटांची बशी उचलून सतरंजीवर नेऊन ठेवली, पाहुणे खूश. तिसऱ्या फेरीत आकडा एक पूर्णांक नऊ दशांशावर आला. साडेबारा वाजले होते. सगळे दमले होते. "चला, सह्या," मी म्हटलं. मसुदा टेबलावरून फिरला, मग सतरंजीवर आला. सगळ्यात शेवटी मामांकडे.

मामांनी पेन घेतलं नाही. पाटी वर केली.

पाटी वर केली की माइक द्यावा लागतो, नियमच तसा. पोरांना वाटलं, आता बातम्या. काहींनी आधीच टाळ्या वाजवल्या. मामांनी माइकवर नेहमीसारखी टिचकी मारली आणि म्हणाले, "आमचं बेट समुद्रापासून दोन हात वर आहे, असं या कागदात लिहिलंय. तुमचा मसुदाही मी वाचला. कोण धूर किती कमी करणार ते त्यात आहे. कोण झाडं किती लावणार ते आहे. पण आमची माणसं राहायला कुठे जाणार, ते कुठे लिहिलंय? मी दोनदा शोधलं. मला सापडलं नाही."

टेबलावरचा एक कोटवाला म्हणाला, "आपल्या मुद्द्याची नोंद घेतली आहे." हशा पिकला.

"नोंद नको, जागा सांगा," मामा म्हणाले. हसत नव्हते. "जुनी माणसं आहेत. ऐन वेळी उठा म्हटलं तर त्यांना उठता येत नाही. निदान सांगायचं तरी आधी."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते माझ्या मनात असं लख्ख पडलं की मला दुसरं काही दिसेना. याला कळलंय. याला कुणीतरी सांगितलंय, आणि हा पाहुण्यांसमोर, सगळ्यांसमोर माझं माप माझ्या पदरात घालतोय. प्राचार्य मागे उभे राहून घड्याळ बघत होते. माझं डोकं फिरलं. मी तरातरा खाली गेले, मामांपाशी वाकले, आणि दबक्या आवाजात, पण दातओठ खात म्हटलं, "मामा, तुमच्या खोलीचं आपण नंतर बोलू. मी सांगणारच होते. पाडापाडीला अजून दोन महिने आहेत. इथे पाहुण्यांसमोर हा विषय नको. सही करा आणि मोकळे व्हा."

माइक मामांच्या हातात होता. चालू होता. बटण मामांचंच, सुरूच असायचं.

माझा शब्दन् शब्द हॉलभर ऐकू गेला. आणि त्याच्या मागोमाग, त्याच माइकवर, मामांचा आवाज आला.

"कुठल्या खोलीचं, बाई?"

त्यांना काही माहीत नव्हतं. ते खरोखरच त्या बेटाबद्दल बोलत होते. दोन पानं वाचून, बटणांपाशी उभे राहून, त्या माणसाने कधी न बघितलेल्या बेटावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची काळजी केली होती, आणि मला वाटलं, माझ्यावरच बोलतायत. हात दाखवून अवलक्षण! नुसती गप्प राहिले असते तरी चाललं असतं. गप्प राहण्याचा तीन आठवड्यांचा सराव होता, तो नेमका तिथे उपयोगी पडला नाही.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग मागे प्राचार्यांकडे. प्राचार्य बुटांकडे बघत होते. मग मामांची मान पडद्याच्या आडोशाकडे वळली. मामी खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या होत्या, पडद्याला धरून. त्यांनीही ऐकलं होतं. पोरांना पुरतं कळलंही नसेल, एकजण तर खोकत हसला.

मामांनी माइक बंद केला, सतरंजीवर नीट ठेवला, आणि मसुद्यावर सही केली. एवढी पटकन, की मला 'थांबा' म्हणायला वेळ मिळाला नाही. नाही, हेही खोटं. वेळ होता. मी म्हटलं नाही.

पुढचं सवयीने झालं. आकडा दीडच्या वर, म्हणजे समुद्र. मी रंगमंचावर चढले. दुसरं टोक एका पोराच्या हातात होतं, तो म्हणाला, "बाई, टाकायचं ना?" मी मान हलवली. कापड फुगलं आणि खाली पडलं. नेहमीप्रमाणे किंकाळ्या, हशा, फोटो. बाकीची बेटं धडपडत बाहेर आली. मधोमध एक उंचवटा तसाच राहिला, हलेना. कुणीतरी कापड ओढलं तेव्हा मामा मांडी घालून, पाटी मांडीवर घेऊन बसले होते, चष्मा काढून.

पाहुण्यांना परिषद अतिशय आवडली. त्यांतल्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, "शिपायालासुद्धा तुम्ही सामील करून घेतलंत, याचं विशेष वाटलं." मी थँक्यू म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

दुपारी हॉलमध्ये गेले तर मामा एकटे खुर्च्या रचत होते.

"मामा, मी सांगणार होते."

"हो बाई," मामा म्हणाले, आणि पुढची खुर्ची उचलली. रागावले असते, दोन शब्द सुनावले असते, तर मीही भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. त्यांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. वरातीमागून घोडं. म्हटलं, खोली तेवढी राहू द्या, नाहीतर नव्या इमारतीत तळमजल्यावर एक जागा द्या, त्यांच्या मंडळींना जिना चढवत नाही. सचिव माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "बाई, हे जानेवारीत का नाही बोललात? एकाचाही विरोध असला तर आपण विषय पुढे ढकलतो, नकाशा परत पाठवतो. तसाच नियम आहे आपला. आता मंजुरी आली, कंत्राट गेलं." नियम मला नवा नव्हता. अकरा वर्षं मी तोच फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारत होते.

मामांना खोली मिळाली ती तिसऱ्या मजल्यावर, कॉलेजपासून दोन स्टॉप लांब. मुलीच्या घरात आधीच सहाजण. सामान हलवलं त्या दिवशी मामींना हॉलमधल्याच एका खुर्चीत बसवून मामांनी आणि जावयाने जिना चढवून नेलं. मी खाली लिंबाची कुंडी धरून उभी होते, दुसरं काय करणार. दुसऱ्या वळणावरून मामी ओरडल्या, "अहो सांभाळा, मी पडले तर पडले, खुर्ची कॉलेजची आहे!" सगळे हसले. त्यानंतर आजतागायत मामी खाली उतरलेल्या नाहीत.

हॉल पाडायच्या आदल्या सकाळी मामा स्टाफरूममध्ये आले. हातात निळं कापड, धुऊन, इस्त्री करून, घडी घातलेलं. "हे तुमच्याकडे ठेवा. आमच्याकडे जागा नाही. टोकाला गाठ मारली आहे, तिथे धरायचं. आणि बाई, एकट्याने फेकू नका. सरळ पडत नाही."

मी कापड घेतलं. मामा निघेनात. मला वाटलं, आता काहीतरी मागतील. मनात म्हटलं, माग बाबा, जे मागशील ते देते.

"त्या दिवशीच्या मसुद्यावर माझी सही आहे," मामा म्हणाले. "ती तेवढी खोडायची होती."

"अहो मामा, तो खेळ होता. त्याला काय अर्थ?"

"खेळ असू दे. त्या बेटावरच्या लोकांना जागा कुठे, ते कुणी सांगितलं नव्हतं. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हणून मी त्यांच्या वतीने सही करून बसलो. आपल्या त्रासापायी दुसऱ्याच्या घरावर सही करायची नसते, बाई."

ते मला टोमणा मारत नव्हते. तेवढं मी त्या दिवशी शिकले होते. मी कपाटातून फाइल काढली. सगळ्यात खाली, ठसठशीत अक्षरात, मामांची सही होती. मी पेन पुढे केलं.

"पट्टीही द्या," मामा म्हणाले. "वाकडी रेघ नको."

पट्टी लावून त्यांनी आपली सही खोडली, शेजारी तारीख घातली, पेन आणि पट्टी मला परत दिली, आणि गेले. हॉलकडून थोड्या वेळाने माइकची टिचकी ऐकू आली. सामान काढायच्या आधी तपासत असतील. मी कान देऊन बसले. टिचकीनंतर काही आलं नाही.

मग मी उठले आणि ऑफिसात गेले. कारकुनाला म्हटलं, इमारत समितीचं रजिस्टर दाखव. त्याने काढून दिलं. जानेवारीचं पान लगेच सापडलं. माझी सही तिसरी. अक्षर चांगलं आलं होतं, खाली माझ्या सवयीची रेघही होती. मामांनी परत दिलेली पट्टी माझ्या हातातच होती.

कारकून म्हणाला, "काही खोडायचंय का बाई?"

"नाही रे," मी म्हटलं. "नुसतं बघत होते."